सहा शिंगांचा राउटर

लाइनमनकाकांचं डोकं सकाळपासून तापलं होतं. खरं सांगायचं तर गेले तीन आठवडे ते तापलेलंच होतं. चौतीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढलेला माणूस! सगळ्या दुनियेला ज्यानं 'हॅलो' म्हणायला लावलं, त्याच्याच घरात पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत, बावीस पावलांवर, आवाज पोचेना. हसावं की रडावं?

मागच्या खोलीत काकू होत्या. दोन महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचाही गेली. बोलणं शिकवणाऱ्या बाई दिवसाआड अकरा वाजता टॅबवर यायच्या. बाई 'आ' म्हणायला तोंड उघडायच्या आणि चित्र थिजायचं. बाईंचं तोंड उघडं ते उघडंच, आणि बिचाऱ्या काकूही तसंच तोंड उघडून वाट बघत राहायच्या. ते काकांना बघवायचं नाही, आणि बघवलं नाही की ते ओरडायचे. दुसरं काही येतच नव्हतं त्यांना.

परवा बाईंनी स्पष्टच सांगितलं, "काका, हे पहिले महिनेच महत्त्वाचे आहेत. पुढचा तासही असाच वाया गेला, तर ही वेळ मला दुसऱ्या पेशंटला द्यावी लागेल."

वायफायचा राउटर पुढच्या खोलीत. काकूंना पुढे आणावं, तर त्यांच्यासाठी आणलेला दवाखान्याचा पलंग दारातून निघेना. राउटर मागे न्यावा, तर तार काचेची, फायबरची. तांब्याची असती तर काकांनी दातांनी सोलून जोडली असती! कंपनीचा माणूस रोज "उद्या येतो" म्हणायचा. मेल्याचा उद्या काही उजाडत नव्हता.

मग राहिलं दुकान. "दोन अँटेना? काका, तो जमाना गेला," दुकानदार म्हणाला. "हा चारवाला न्या. भिंत फोडून जातो."

चार शिंगांचा राउटर आला. भिंत होती तशीच राहिली आणि सिग्नलही होता तिथेच राहिला. काका तणतणत परत गेले, तर दुकानदार थंडपणे म्हणाला, "मग सहावाला न्या. शेजारच्या घरातसुद्धा पोचेल."

हे मात्र अगदी खरं निघालं. शेजारीण कौतुकानं सांगत आली, की तिच्या स्वयंपाकघरात मोबाइलवर काकांचा राउटर ठसठशीत दिसतो. "वा!" काका कडाडले. "म्हणजे जगाला उजेड आणि आमच्या घरात अंधार!"

मुलीचा फोन आला. "बाबा, शिंगं मोजत बसू नका. मध्ये काय आड येतंय ते बघा ना."

"तू मला शिकवू नकोस! तू पाळण्यात होतीस तेव्हा मी खांबावर होतो!" काकांनी फोन आपटला.

त्यात काकूंचं एक नवीनच सुरू झालं होतं. दोन खोल्यांमधल्या भिंतीला लागून असलेल्या लोखंडी कपाटाकडे डाव्या हातानं बोट दाखवायच्या आणि म्हणायच्या, "क... क..." काकांनी शाल काढून दिली, तर मान हलली, नाही. चष्मा दिला, नाही. फोटोंचा अल्बम दिला, तर तो त्यांनी सरळ खाली ढकलला.

आज अकरा वाजले. टॅब लावला. बाई आल्या, तोंड उघडलं, थिजल्या. आणि काकू लगेच, "क... क..."

"काय हवंय तरी काय तुला?" काकांनी कपाटाचं दार खाडकन उघडलं. साड्या, चादरी, फाइली, डबे, जे हाताला लागेल ते जमिनीवर. "घे! ही घे! हे सगळं घे! अगं, जीव घेशील माझा!"

कपाट रिकामं झालं. काकू रडत नव्हत्या. त्या रागानं बघत होत्या, आणि डावा हात हवेत ढकलत होत्या. एकदा, दोनदा. बाजूला, बाजूला.

"हलवू? बरं, हलवतो! तेवढंच राहिलंय!" काकांनी त्या रिकाम्या धुडाला खांदा लावला आणि सगळा राग त्यात घातला. कपाट करकरत भिंतीपासून सरकत कोपऱ्यात गेलं.

"...काकू? काका? अहो, हा आवाज कसला? मला सगळं स्वच्छ दिसतंय!"

टॅबवर बाई हलत होत्या. बोलत होत्या.

काका मटकन खाली बसले, साड्यांच्या ढिगावर. आता आठवलं. कपाट आणलं त्या दिवशी ही म्हणाली होती, इथे नको, खिडकीकडे ठेवा. पुढे कितीदा तरी म्हणाली होती, "अहो, या कपाटापाशी आलं की फोन तुटतो." आणि आपण काय म्हणालो होतो? "तुला काय कळतं लाइनमधलं!" लाज वाटली त्यांना. दुकानदार, कंपनी, मुलगी, सगळ्यांवर तोंडसुख घेतलं, आणि ते लोखंड आणून उभं केलं होतं कोणी?

"काकू," बाई म्हणाल्या, "घाई नाही. काहीही म्हणा."

काकूंनी टॅबकडे पाहिलंच नाही. त्या काकांकडे बघत होत्या. ओठ वाकडे झाले, थरथरले.

"त... तरी... सांगत... होते."

चाळीस वर्षं या वाक्याला काकांकडे एकच उत्तर होतं: "तू गप्प बस." सवयीनं तेच तोंडाशी आलं, ते त्यांनी गिळलं.

"परत म्हण," ते म्हणाले. "बाई, तिला परत म्हणायला सांगा."