ताईचं रडणं परस्पर ऐकवलं

आमच्या लॉन्ड्रीत मी काउंटरवर कपडे घेते आणि आत इस्त्रीच्या टेबलाशी ताई उभी असते; माझी सख्खी नव्हे, पण सगळे तिला ताईच म्हणतात. हात गुंतलेले आणि कान रिकामे, म्हणून तिला टॅरोच्या पॉडकास्टचा नाद लागला. भविष्यावर तिचा फारसा विश्वास नव्हता. तिला पत्ते पिसल्याचा आवाज आवडायचा. पत्त्यावरचं चित्र कुणी सावकाश सांगितलं, की कॉलर दाबतादाबता ते डोळ्यांपुढे यायचं. पण खिदळणं, मध्येच घुसणाऱ्या जाहिराती आणि प्रत्येक पत्त्यातून नवी नोकरी नाहीतर नवं प्रेम काढून देणारी माणसं तिच्या डोक्यात जायची.

एकाचाच कार्यक्रम ती शेवटपर्यंत ऐकायची. त्याला आम्ही पत्तेवाला म्हणायचो. आवाज मऊ, कसली घाई नाही. तुमचा प्रश्न बोलून पाठवा, तो माझ्यापाशीच राहील, असं तो दर वेळी सांगायचा. ताईनं पाठवला. आईनं शेवटी कुणाकडे राहायचं यावरून तिचं आणि धाकट्या भावाचं बिनसलं होतं. आई गेली आणि भावानं बोलणंच टाकलं. तो पुन्हा बोलेल का, एवढंच तिला विचारायचं होतं. विचारताविचारता तिला रडू फुटलं.

पुढच्याच भागात त्यानं ते सगळ्यांना ऐकवलं, हुंदक्यांसकट. सोबत एक पाहुणा होता, त्यानं तिच्या रडण्याची नक्कल केली आणि दोघं पोट धरून हसले. मग पत्तेवाल्यानं पत्ता उचलून सांगून टाकलं, भावाचा फोन येणार. ताईनं इस्त्रीचा प्लग ओढून काढला.

फोन खरंच आला. भावाच्या बायकोच्या ऑफिसात कुणीतरी तो भाग लावला होता आणि तिनं ताईचा आवाज ओळखला होता. घरातलं चव्हाट्यावर मांडलंस, मेलेल्या आईलाही सोडलं नाहीस, असं भाऊ तोंडाला येईल ते बोलला आणि ताईनं तोंड उघडायच्या आत त्यानं फोन ठेवला.

ताईनं पत्तेवाल्याला लिहिलं, झालं ते सगळं सांगून, की तो भाग काढून टाका. त्यानं काय करावं? नव्या भागाच्या सुरुवातीलाच सांगितलं की भावाचा फोन आला, पत्ता खरा ठरला. ते ऐकल्यावर ताईनं त्याला फोन लावला. मी शेजारीच होते. तो गोडीनं म्हणाला की हा भाग सगळ्यात जास्त ऐकला गेलाय, लोकांना खरं रडणं आवडतं, तुमचं पुढचं भविष्य मी फुकट सांगतो.

"लोकांना काय आवडतं ते मला सांगू नका," ताई म्हणाली. "ऐकणारी मीच आहे. तुमचं सावकाश बोलणं आवडायचं, म्हणून तुमच्यापाशी बोलले. तुम्ही मला चारचौघांत रडवून वर हसलात."

त्यानं फोन कापला. मग तिनं त्या भागाखाली सगळं लिहून काढलं. काहींनी तिलाच सुनावलं, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? पण ज्यांचे आवाज असेच परस्पर वाजवले होते, अशाही बऱ्याच बायका पुढे आल्या. ऐकणारे भराभर सोडून जायला लागले, तेव्हा कुठे त्यानं तो भाग काढला. माफी नाही. तांत्रिक अडचण, म्हणे.

भावाकडे ती स्वतः गेली, तीही तणतणतच. मी ते कुणाला वाजवायला दिलं नव्हतं आणि तू माझं ऐकून न घेता फोन ठेवतोस, असं तिनं दारातच सुरू केलं. जिन्यावर दोघं इतके भांडले की शेजारची दारं उघडली. आईचं आजारपण, कुणी कधी जागलं, कोण आलंच नाही, सगळं निघालं. शेवटी भावाच्या बायकोनं दोघांना आत ओढलं.

आता भाऊ फोन करतो. बहुतेक वेळा वाद घालायलाच करतो. ताईचा राग मात्र उतरलेला नाही. तिच्या रडण्याचा कुणीतरी कापून ठेवलेला तुकडा अजून फिरतोय, आणि तो ज्याच्या मोबाइलवर सापडेल त्याला ती समोर उभं करून पुसायला लावते.