चार नंबरचा घोडा

अ‍ॅशबर्नच्या आमच्या डेटा सेंटरमध्ये एक जुने तंत्रज्ञ आहेत; इथे अमेरिकेतही आम्ही मराठी पोरं त्यांना काकाच म्हणतो. सर्व्हरचा पंखा बिघडणार असेल, तर स्क्रीनवर अलार्म यायच्या आधी ते नुसत्या आवाजावरून ओळखतात. "हा बदलून टाका," एवढंच सांगून पुढे जातात.

दर वसंतात गावाबाहेर घोड्यांची अडथळ्यांची शर्यत होते. आम्ही डबे घेऊन जातो आणि काका सांगतील त्या घोड्यावर पैसे लावतो. कुठल्या घोड्यावर किती भाव आहे, ते छापील आकडे काका कधी बघत नाहीत. कठड्यावर कोपरं टेकून, डोळे बारीक करून घोडे बघतात. सलग तीन वर्षं त्यांचाच घोडा पहिला आला होता.

यंदा म्हणाले, "चार नंबर." आम्ही धावत जाऊन तिकिटं काढली. परत येतो तर काका तिथल्या घोड्यांच्या डॉक्टरबाईंना गाठून चार नंबरच्या मागच्या पायाकडे बोट दाखवत होते. बाईंनी घोडा दोनदा चालवून पाहिला, पाय चाचपला. थोड्या वेळाने लाउडस्पीकरवर जाहीर झालं, चार नंबर धावणार नाही.

"काय यार काका!" मी वैतागलोच. "स्वतः सांगितलेला घोडा स्वतःच कॅन्सल केलात? गप्प बसला असतात तर जिंकलाही असता."

"सांगितलं तेव्हा तो नुसता उभा होता," थालीपीठ मोडत काका म्हणाले. "चालायला लागला तेव्हा कळलं. चूक माझी होती रे, पाय त्याचा गेला असता."