काळ्या मोटारीवरचं मेण

नातीनं नवी गाडी घेतली आणि दुसऱ्याच दिवशी ती कुठल्याशा दुकानात पाठवली. तिथं म्हणे गाडीवर कसला थर चढवतात, मग वर्षानुवर्षं रंगाला काही करावं लागत नाही. मी म्हटलं, "अगं, हातच लावायचा नाही तर घेतलीस कशाला?" तिला वाटलं आजी चेष्टा करतेय. करतच होते. पण माझ्या संसारातले सगळ्यात सुखाचे दोन महिने मी एका मोटारीला हात लावण्यात घालवलेत, हे तिला कुठं माहीत!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आष्ट्याजवळ आमचं सासर. रान सगळं उसाचं. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, कितीतरी वर्षं आधी नंबर लावून ठेवलेली मोटार त्या हिवाळ्यात दारात आली. काळी कुळकुळीत. आणि त्याच आठवड्यात आमचे हे दोन महिन्यांच्या रजेवर आले. हे पलटणीत, मोटारींच्या खात्यात. लग्नाला वर्ष झालेलं, त्यात मी ह्यांना पाहिलेलं जेमतेम पंधरा दिवस.

आणि पाहिलेलं म्हणजे तरी काय? थोरामोठ्यांसमोर नवरा-बायकोनं बोलायचं नाही, अशी आमच्या घरची रीत. दिवसभर घर माणसांनी भरलेलं. हे पुढच्या सोप्यात, मी आत चुलीपाशी. पाणी हवं असलं तर हे भिंतीला सांगायचे, "पाणी मिळंल का?" मी तांब्या उंबऱ्यावर ठेवून मागं फिरायची. मला वाटायचं, किती मी शहाणी, किती माझी मर्यादा! आता त्या पोरीला धरून हलवावंसं वाटतं.

मामंजी पहिल्याच बाजाराला मोटार घेऊन गेले आणि धुळीनं माखून आले. सोप्यात बसत ह्यांना म्हणाले, "तू गेल्यावर हिला कोन बघनार? गडी खराऱ्यानं घासतील म्हशीगत. सूनबाईला शिकीव."

झालं! मला भर दिवसा, सगळ्यांच्या देखत, ह्यांच्याशेजारी उभं राहायचा परवाना मिळाला. गोठ्याशेजारच्या छपरात गाडी, आणि गाडीच्या दोन बाजूंना आम्ही दोघं.

आता शिकणं ऐका. मी म्हसवडकडची. आमच्या माहेरी पाणी म्हणजे जीव. धान्य धुतलेलं पाणी जनावराला, भांड्यांचं पाणी झाडाला. ह्यांनी चार बादल्या भरायला सांगितल्या तेव्हा मी मनातल्या मनात माहेरचं चार दिवसांचं पाणी मोजलं. पहिल्या बादलीचं पाणी तर ह्यांनी नुसतं टपावरून ओतून दिलं. मी पदराआडून पुटपुटले, "आवं, समदं वाया घालवताय."

"धूळ आधी व्हावून जाऊ दे," हे गाडीकडं बघतच म्हणाले. "कोरड्या धुळीवर फडकं फिरवलंस तर चरं पडत्यात."

गुऱ्हाळातून उडून गाडीवर बसलेली काजळीही अशीच पाण्यानं सोडवायची, बोटानं पुसायची नाही. मग रिठ्याचं पाणी. रेशमी लुगडं धुतात तसं, हलक्या हातानं, वरून खाली. कपड्याच्या साबणाला बंदी. फडकं जुन्या धोतराचं, काठ फाडून टाकलेलं. ते जमिनीवर पडलं की त्याचा गाडीशी संबंध संपला. एका बादलीत रिठ्याचं पाणी आणि दुसरीत साधं, फडकं खळबळायला.

ती दुसरी बादली माझ्या काही पचनी पडेना. एकीत भागतंय तर दुसरी कशाला? ह्यांची पाठ वळल्यावर मी रिठ्याच्याच बादलीत फडकं खळबळलं आणि त्याच मातकट पाण्यानं गाडीचं दार पुसून काढलं. चांगलं दाबून. एक बादली वाचवल्याचा केवढा तो आनंद! पाणी निथळल्यावर दारावर बारीक चऱ्यांची बांगड्यांएवढी वर्तुळं उठलेली दिसली.

हे आले, वाकून बघितलं. मामंजी सोप्यातून बघतच होते. हे ओठ न हलवता म्हणाले, "मोटार हाय ती. कढई न्हाई."

"आमच्याकडं पान्याला किंमत असती," मी तितक्याच हळू म्हटलं.

"आनि रंगाला?"

एवढं सरळ भांडण आमचं पहिलंच. मला इतकं बरं वाटलं की दिवसभर चुलीपुढं एकटीच हसत होते.

आमच्या विहिरीचं पाणी मचूळ. गाडीच्या अंगावरच वाळलं तर पांढरे डाग धरायचं. म्हणून धुणं सावलीत, आणि धुतल्या धुतल्या कोरड्या फडक्यानं टिपायचं. मग मेण. ह्यांनी पलटणीच्या कॅन्टीनमधून मेणाचा चपटा डबा आणलेला. बनियनच्या तुकड्यावर बोटभर मेण घ्यायचं आणि एकेका पत्र्याला पातळ, अगदी दिसेल न दिसेल इतकं लावायचं. मी भाकरीला लोणी लावावं तसं लावलं होतं. ते पुसून काढता काढता ह्यांचे खांदे भरून आले. पातळ लावलेलं मेण थोड्या वेळानं धुरकट होतं, मग स्वच्छ फडक्यानं उजळायचं.

उजळलेल्या त्या काळ्या दारात मला पहिल्यांदा हे नीट दिसले. समोरासमोर बघायची चोरी, पण दारात बघायला कोण अडवणार? मी दार पुसत होते आणि दारातले हे माझ्याकडं बघत होते. मी तो एक पत्रा अर्धा तास पुसला.

"झालं की त्ये," दारातले हे म्हणाले.

"अजून धुरकट हाय," मी म्हटलं. धडधडीत खोटं.

त्यानंतर गाडी फार लवकर मळायला लागली. मी सकाळी कोंबड्यांचे दाणे मुद्दाम गाडीखाली टाकायची. खाऊन झालं की कोंबड्या खुशाल टपावर चढायच्या. त्यांची घाण रंगाला खाते, लगेच धुवावी लागते, हे ह्यांनीच शिकवलेलं. आत्याबाई, माझ्या सासूबाई, एकदा जाता जाता म्हणाल्या, "कोंबड्यास्नी एवढं अंगन कमी पडाय लागलं व्हय गं?" मी सुपात तोंड खुपसलं.

रजा संपली. जायच्या आदल्या दिवशी ह्यांनी पुन्हा एकदा सगळ्या गाडीला मेण दिलं. मग तांब्याभर पाणी शिंपडलं. पत्र्यावर पाण्याचे गोल गोल थेंब उभे राहिले, मोत्यांसारखे.

"असं थेंब उभं ऱ्हायलं म्हंजी मेण हाय. तीनेक महिनं टिकतं."

"आनि पानी पसराय लागलं म्हंजी?"

"पसरायच्या आत येतो. उरलेली रजा हाय माझी."

हे बोलून गेले आणि मी धरून बसले. त्या दिवसापासून मी गाडी धुतली ती गाडीसाठी नाही, थेंब बघायला. थेंब उभे आहेत तोवर हे येणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं. मग मेण टिकावं म्हणून धुणंच कमी केलं. त्यातही अक्कल कमी पडली, तेव्हा माहेरहून आलेलं घोंगडं काढलं आणि गाडीवर पांघरलं. माहेरच्या लोकरीवर माझा भारी विश्वास. थंडी आणि ऊन दोन्ही अडवते, तर धूळ काय! गाडीवरून ते रोज ओढायचं, रोज घालायचं.

चौथ्या महिन्यात पत्र आलं. मामंजींनी सोप्यात मोठ्यानं वाचलं. रजा नामंजूर, कधी मिळेल सांगता येत नाही, सर्वांना नमस्कार. सर्वांत मी आले.

मी सरळ छपरात गेले, घोंगडं ओढलं आणि टपावर तांब्या ओतला. पाणी पसरलं. नुसतं एका अंगाला घसरत गेलं, एक थेंब उभा राहिला नाही. आणि ओल्या पत्र्यावर, घोंगडं जिथं जिथं घासलं होतं तिथं तिथं, मांजरानं नख्या मारल्यागत ओरखडे. घोंगड्याचे केस राठ, त्यात अडकलेली माती. तीन महिने मी माझ्याच हातानं गाडीला खरारा केला होता.

मामंजी आले, ओरखड्यांवरून बोट फिरवलं आणि सोप्यात परत गेले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मी तिथंच गोणपाटावर बसून रडले. ओरखड्यांचं निमित्त फार सोयीचं होतं.

आत्याबाई बाहेर आल्या. हातात मेणाचा डबा. "पाऊस तोंडावर आला. ह्ये लावायचं ऱ्हायलंय न्हवं?"

"ते आल्यावर लावतील," मी म्हटलं. माझ्या हातानं डबा उघडायचा म्हणजे ते येणार नाहीत असं कबूल करायचं. पण हे सासूला सांगायचं कसं?

सांगावं लागलं नाही. त्या माझ्याशेजारी टेकल्या. "तुझं मामंजी पलटनीत हुतं. दोन वरसं मी परसात भोपळ्याचा येल लावला न्हाई. म्हनलं, ह्यांच्याच हातनं लावायचा. आनि घरात पाऊल टाकल्या टाकल्या ह्यांनी काय इचारलं? औंदा भोपळं कसं न्हाईत?"

मी रडता रडता फस्सकन हसले. त्यांनी डबा माझ्या मांडीवर टाकला. "ऊठ. आनि ते घोंगडं गोठ्यात टाक."

आम्ही दोघींनी गाडी धुतली, दोन बादल्यांनी. टिपली. मी मेण लावलं, त्यांनी उजळलं. "पातळ लावा," मी शिकवायला गेले तर म्हणाल्या, "मला नगं सांगू, लोन्याचा गोळा कुनी फासला हुता त्ये बघितलंय मी." ओरखडे काही गेले नाहीत. बारीक होते ते दबले, बाकीचे राहिले.

हे या जगातून गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली. लोक म्हणतात, इतक्या वर्षांनी त्रास होत नसेल. त्रास आहेच, पण मला खरी आठवण येते ती त्या पावसाळ्यातल्या वाट बघण्याची. एसटीचा आवाज आला की मी हातातलं टाकून दाराशी जायची. आता एसटी येते आणि जाते.

सातव्या महिन्यात हे आले. भादव्यातली उघडीप होती. मी लुगडं खोचून गाडीला पाणी मारत होते. मागं पत्र्याची ट्रंक ठेवल्याचा आवाज झाला. सोप्यात मामंजी, दारात आत्याबाई. आणि हे, भिंतीला नाही, मला, सगळ्यांच्या समोर मोठ्यानं म्हणाले, "आलो गं."

सात महिने मी काय काय बोलायचं ठरवून ठेवलं होतं! तांब्या हातात तसाच, पाणी पायांवर सांडतंय, आणि मी म्हणाले, "मेण लावलंय मी. चौथ्या महिन्यात. पातळच लावलंय."

"दिसतंय," हे म्हणाले. त्यांनी गाडीकडं बघितलंही नव्हतं.