थोडंफार एडिटिंग चालेल

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. ड्रॉवरमध्ये जुन्या चार्जरच्या वायरी साठतात तसे ते साठतात. कुठून आले सांगता येत नाही, आणि टाकवतही नाहीत. माझ्याकडचे बहुतेक सासरकडून आलेत.

लग्न करून ठाण्याहून डोंबिवलीत आले, तेव्हा कळलं की या घरात सासरे फोटो काढतात, नवरा फोटो काढतो आणि सासूबाई दोघांना नावं ठेवतात. बाबा, म्हणजे माझे सासरे, रिटायर झाल्यापासून एका हौशी फोटोग्राफी ग्रुपमध्ये आहेत. ग्रुपची दरवर्षी स्पर्धा असते आणि बाबांना दरवर्षी उत्तेजनार्थ मिळतं. ती सर्टिफिकेटं शोकेसच्या खालच्या कप्प्यात एकावर एक ठेवलीत. वरचा कप्पा पहिल्या नंबरच्या ट्रॉफीसाठी रिकामा. सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, तिथे एकदा लोणच्याची बरणी ठेवली, तर बाबा त्या दिवशी जेवताना एक शब्द बोलले नव्हते म्हणे!

मला फोटो काढता येत नाहीत. पण कम्प्युटर येतो आणि मी फार बोलत नाही. एवढ्या दोन गुणांवर ग्रुपने यंदा एन्ट्र्या गोळा करायचं काम मला दिलं.

•

पहिली मीटिंग नियमांची. गेल्या वर्षीच्या नियमात म्हटलं होतं, ‘थोडंफार एडिटिंग चालेल.’ थोडंफार म्हणजे किती, यावर भांडण झालेलं.

आमचे परीक्षक जोगळेकर सर. शुद्ध बोलतात, आणि समोरचाही मग घाबरून शुद्ध बोलायला लागतो. सर म्हणाले, "चवीपुरतं."

तांबे म्हणून एक मेंबर आहेत, कोपरला राहतात. ते उठले. "सर, आमच्याकडे मला बीपी, आणि पोरगा वरून मीठ घेतो. चव कोणाची धरायची?"

शेवटी ठरलं. उजेड कमी-जास्त करा, कडा कापा, हवं तर ब्लॅक अँड व्हाइट करा. पण फोटोत नसलेलं घालायचं नाही आणि असलेलं काढायचं नाही. शिवाय कॅमेऱ्यातली ओरिजिनल फाइल सोबत द्यायची.

"कुणाला शंका?"

मागून आवाज आला, "सर, माझं टक्कल फार चमकलंय. ते जरा डार्क केलं तर उजेड कमी केला धरणार, की केस घातले धरणार?"

•

एन्ट्र्या यायला लागल्या. एकाने कल्याणच्या खाडीचा सूर्यास्त पाठवला, दुसऱ्याने ठाण्याच्या तलावाचा. दोघांचं आकाश जांभळं-केशरी, आणि वर बगळ्यांचा थवा. फोनमध्ये आकाश बदलायचं ॲप असतं हे सरांना माहीत नसेल, असं दोघांनाही वाटलेलं. फक्त दोघांनी तेच ॲप वापरलेलं, आणि त्यातलं तेच आकाश!

सरांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवले. मग म्हणाले, "बगळे ठाण्याहून कल्याणला उडत गेले, हे मी समजू शकतो. पण जाताना ढगही घेऊन गेले?"

•

तांबेंचा किस्सा मात्र नियम पाळण्याचा आहे. त्यांच्या घराजवळ एक जुनं कौलारू घर आहे. संध्याकाळच्या उन्हात सुंदर दिसतं, पण समोर दोरीवर कायम कपडे वाळत असतात. कम्प्युटरवर ते काढणं नियमात बसत नव्हतं. मग तांबेंनी खरेच काढायला लावले! घरच्या बाईंना विनवून कपडे आत नेले, दोरी सोडली, त्यांची स्कूटर गल्लीत ढकलली. अंगणात वाळत घातलेली मिरचीसुद्धा उचलायला लावली.

"नियम फोटोतलं काढू नका म्हणतो," तांबे मला म्हणाले, "अंगणातलं काढू नका असं कुठाय?"

फाइल तपासली. एकदम स्वच्छ. सरांनीही बघितली.

"घर छान आहे हो तांबे, पण रिकामं वाटतंय. समोर दोरीवर चार कपडे असते तर फोटोला जीव आला असता."

•

शैलेश कांबळेने बायकोचं पोर्ट्रेट पाठवलं. चेहरा असा गुळगुळीत, की नाकाला सावलीसुद्धा नाही. सर म्हणाले, हे एडिटिंग आहे, बाद.

शैलेश म्हणाला, "सर, आईशप्पथ, मी हात नाही लावला. फोनच करतो आपोआप. मी नुसतं बटण दाबलेलं."

हा मुद्दा खरा अवघड होता. माणसाने केलं नाही, फोनने केलं, तर दोष कोणाचा? चर्चा रंगात आलेली, तेवढ्यात शैलेशला घरी न्यायला त्याची बायको दारात आली. तिने स्क्रीनवर स्वतःचा चेहरा बघितला.

"काय झालं सर? काही प्रॉब्लेम आहे का फोटोत?"

सरांनी फोटोकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. डोंबिवलीत भल्याभल्यांना बाद केलेला माणूस!

"छे छे," सर म्हणाले. "तंतोतंत आहे."

•

हे नियम कागदावर यंदा आले, पण लोकांच्या अंगात आधीपासून किती भिनलेत, ते मला माझ्या लग्नातच कळलं होतं. फोटो काढायला नवऱ्याचे ग्रुपमधलेच मित्र होते. अल्बम आला, तर प्रत्येक महत्त्वाच्या फोटोत आमच्या दोघांच्या मधोमध, मागे, चॉकलेटी शर्टातला एक माणूस प्लेट घेऊन भजी खातोय. हार घालताना भजी. सप्तपदीला भजी.

माझी आई म्हणाली, "अरे, त्याला पुसून टाका ना कम्प्युटरवर."

मित्र गंभीर झाला. "काकू, असलेलं काढणं आमच्यात बसत नाही."

मग आईने सासूबाईंना फोन लावला. "विहीणबाई, राग मानू नका, पण तुमच्याकडचे ते चॉकलेटी शर्टवाले कोण हो?"

सासूबाई म्हणाल्या,

"आम्ही तुमच्याकडचे समजून त्यांना अहेर केलाय."

•

आता बाबांचं. यंदा त्यांनी आईंचा फोटो दिला होता. दुपारची वेळ, आई खिडकीपाशी मेथी निवडतायत, ग्रिलमधून पट्ट्यापट्ट्यांनी ऊन आलंय, आणि स्वतःशीच कशाला तरी हसतायत. मला फोटोतलं काही कळत नाही, पण मीसुद्धा एन्ट्री उघडून तशीच बसून राहिले.

सरांचा बाबांना फोन आला. "यंदा तुमचाच पहिला. फक्त फोटोतल्या व्यक्तीची परवानगी लागते. वहिनींना विचारून कळवा."

बाबांनी फोटो काढतानाही विचारलं नव्हतं आणि देतानाही. आता विचारलं. आईंनी चष्मा लावला.

"एवढ्या लोकांत मी गाऊनवर?"

"अगं, ऊन बघ कसलं पडलंय!"

"ऊन कोण बघतंय! हा पोटावर हळदीचा डाग बघा केवढा. तो काढा, मग हो म्हणते."

"काढता येत नाही."

"मयुरीला सगळं येतं म्हणालेलात."

"येतं गं. पण चालत नाही. नियम आहे."

"नियम तुमच्या ग्रुपला. माझी परवानगी माझ्याकडे."

बाबा माझ्याकडे आले. खुर्चीमागे उभे राहिले.

"मयुरी, तो डाग... किती वेळाचं काम आहे?"

"अर्ध्या मिनिटाचं, बाबा."

"कोणाला कळेल?"

"ओरिजिनल फायली माझ्याकडेच असतात."

बाबांनी शोकेसकडे बघितलं. मी माउसवर हात ठेवून बसलेले.

"नको," ते म्हणाले. "असू दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी आई आतून आल्या. माझ्या लग्नात नेसलेली पैठणी, नथ, अंबाड्यावर गजरा. मेथीची नवी जुडी घेऊन खिडकीत बसल्या.

"घ्या. आता घालायचंही काही नाही नि काढायचंही काही नाही. चालेल ना तुमच्या नियमाला?"

बाबांनी मुकाट कॅमेरा आणला. आईंनी थेट लेन्समध्ये बघितलं. जुडी सत्काराच्या गुच्छासारखी धरली. ऊन पदराच्या जरीवर पडून नुसतं चकाकलं.

"आधीची एन्ट्री रद्द कर," बाबा मला म्हणाले. "ही घे."

उत्तेजनार्थ!

बक्षीस समारंभाला आई तीच पैठणी नेसून आल्या. सरांनी सर्टिफिकेट देताना बाबांकडे बघितलं, समोर बसलेल्या आईंकडे बघितलं, आणि माइकवर एवढंच म्हणाले, "मेथी उत्तम आलीय."

परतताना रिक्षात आई मध्ये, फोटोची प्रिंट मांडीवर. बराच वेळ बघत होत्या.

"काय हो," त्या म्हणाल्या, "यात मी फारच नटल्यासारखी दिसते, नाही? तो गाऊनवालाच बरा होता."

रिक्षा पुलावर चढली, उतरली. मग बाबा हळूच म्हणाले, "पुढच्या वर्षी देऊ?"

"द्या की," आई म्हणाल्या. "तेवढा डाग काढा फक्त."