गाण्यातून उठणारी माणसं

जन्मली तेव्हा तिने पहिला टाहो फोडला तो थेट 'पांढरी चार' या सुरात. पियानो दुरुस्त करणाऱ्या बापाच्या कानांनी ते बरोबर ओळखलं आणि पोरीचं नाव चारू पडलं. घरातल्या पियानोला, दात विचकून बसलेल्या त्या काळ्या जनावराला, ती कधी घाबरली नाही. घाबरायची ती शब्दांना. गाण्याचं दुसरं कडवं आलं की डोकं कोरी पाटी. जॅझमध्ये शब्दांऐवजी नुसते आवाज गायले तरी चालतात, हे कळलं त्या दिवशी ती आनंदाने रडली. विसरणं हीच कला म्हटल्यावर तिच्यासारखा कलावंत कोण!

पुढे हॉटेलात नोकरी लागली. संध्याकाळी पियानोवर बसून ती रंगात यायची, "शू-बी-डू, शू-शू-बी-डू..." आणि बघता बघता निम्मी टेबलं रिकामी.

शेवटी मॅनेजर म्हणाला, "बाई, या शनिवारीही लोक उठले, तर पियानोच्या जागी माशांची टाकी ठेवतो. मासे बघायला लोक बसतात तरी."

चारूची झोप उडाली. पियानो सोडला तर तिला अंडंसुद्धा धड उकडता येत नव्हतं.

शनिवारी आत्या पहिल्यांदाच ऐकायला आली. आई गेल्यावर चारूला तिनेच वाढवलेलं. दुसरं कडवं आलं आणि सगळ्यांत आधी उठली ती आत्याच! मागोमाग दोन टेबलं. गाणं कसंबसं संपवून चारू धावली. बाथरूमबाहेर ही रांग!

"आत्या, तूसुद्धा? इतकं वाईट गाते मी?"

"गोड गातेस गं. पण भवाने, भरल्या सभेत शू-शू करत बसलीस तर माणसाने काय करावं? लहानपणी तुला मी असंच तर बसवायचे! सरक, माझा नंबर आला."

आता एकच गाणं उरलं होतं. मॅनेजर दाराशी हाताची घडी घालून उभा. जीभ सवयीने 'शू'वर निघालीच होती, चारूने ती दातांखाली धरली आणि तोंडाला येईल ते सोडून दिलं, "बस-बा-डी, बसा-बा-डी, बसा, बसा, बसा!"

अर्धा उठलेला एक जाडा गृहस्थ मुकाट्याने खाली टेकला. कोणी हललं नाही. टाळ्यांनी टेबलावरचे ग्लास वाजले.

टाकी रद्द झाली. बोटं वाकडी होईपर्यंत चारू तिथेच वाजवत राहिली. मॅनेजरची कुरकुर मात्र पुढच्याच आठवड्यात सुरू, "बाई, आता नाचायला कोणी उठत नाही!"

आत्या म्हणाली, "त्याला म्हणावं, बाबा रे, लोकांना बसवायचं की उठवायचं, ते एकदा ठरव."