सासरे दवाखान्यात आले तेव्हा

काल घोंगडी उन्हात टाकली. लोकरीच्या वासानं मला लेकीच्या जन्माची दुपार आठवली.

आई नव्हती, सासूही नव्हती आणि नवरा नोकरीसाठी पुण्यात. कळा सुरू झाल्यावर शेजारच्या काकूंनी मला माकणीहून दवाखान्यात आणलं. बाळासाठी शिवलेल्या दुपट्यांच्या घड्या मी उगीच मोडत होते, पुन्हा घालत होते.

तेवढ्यात सासरे दारात दिसले. मेंढरं भावावर सोपवून ते रानातून तसेच आले होते. घरात ते माझ्याशी कधी थेट बोलत नसत.

"पोरी, भिऊ नगंस," ते म्हणाले. "म्या हाय हितं. कुठं जात न्हाय."

खांद्यावरची घोंगडी त्यांनी माझ्या पायांवर पसरली. ती टोचत होती, पण मी काढली नाही.

आत न्यायला आलेल्या नर्सबाईंनी विचारलं, "सोबत कोण आहे?"

"माझे वडील," मी म्हणाले.

सासऱ्यांनी मान खाली घातली. तेव्हा वाटलं, घाईत तोंडातून निघून गेलं. आता कळतं, तसं नव्हतं.

दिवस मावळायच्या आत लेक झाली. नर्सबाईंनी तिला बाहेर नेऊन सरळ त्यांच्याच हातात दिलं.