डिसेंबरची मुलगी

माझ्या मुलीचा जन्म डिसेंबर संपता संपता झाला. एकतीस डिसेंबरपर्यंत जन्मलेलं मूल त्या वर्षीच्या प्रवेशाला चालतं, असा नियम. त्यामुळे ती कशीबशी बसली आणि घरात आनंदीआनंद झाला. सासूबाईंनी सोसायटीभर सांगितलं, "आमचं एक वर्ष वाचलं." त्या वाचलेल्या वर्षाचं करायचं काय, हे कुणीच ठरवलं नव्हतं. पुण्यात वर्ष वाचवायची हौस दांडगी. पुढे ते ट्रॅफिकमध्येच घालवायचं असतं.

बालवाडी आणि पहिली निभावली. दुसरीत, दिवाळीनंतर, वर्गाच्या बाईंनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं. हिचं फळ्यावरचं उतरवून होत नाही, ब आणि व यांत गोंधळ होतो, वाचताना ओळच सुटते. "लर्निंग डिसॅबिलिटी असू शकते हो. एकदा तपासून घ्या," बाई म्हणाल्या. त्या काही वाईट नव्हत्या. एवढ्या मोठ्या वर्गात त्यांनी हिच्याकडे पाहिलं, हेच खूप होतं.

नवऱ्यानं त्या रात्री मोबाइलवर मिळेल ते सगळं वाचून काढलं. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या घराण्यात असलं कुणाला नाही." उरलं कोणतं घराणं, ते मला न सांगता कळलं.

मला त्या निदानाची भीती वाटत नव्हती. भीती वेगळ्याच शब्दाची होती. एका दुपारी गृहपाठ करता करता मुलगी म्हणाली, "आई, मी ढ आहे ना, म्हणून मला वेळ लागतो." रडली नाही, कुरकुरली नाही. आपला पत्ता सांगावा तसं सांगितलं आणि पुन्हा लिहायला लागली. तपासणीतून काहीही निघो, हा शब्द तिच्या डोक्यातून काढायचाच, असं मी तिथेच ठरवलं.

विश्रांतवाडीहून आम्ही तिला शनिवार पेठेतल्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे नेलं. गाडी लावायला जागा शोधण्यात आमचीच परीक्षा झाली. मॅडमनी तिच्याकडून ठोकळे लावून घेतले, गोष्टी वाचून घेतल्या, आकडे उलटे म्हणवून घेतले. मग एक दिवस आम्हा दोघांनाच बोलावलं.

"वयाच्या मानानं ती जिथे असायला हवी तिथेच आहे," त्या म्हणाल्या. "वर्गाच्या मानानं मागे आहे. हिच्या वर्गातली जानेवारीची मुलं हिच्यापेक्षा जवळजवळ वर्षानं मोठी आहेत. हिचं वय सात. त्यात एक वर्ष म्हणजे केवढं, तुम्हीच बघा."

"म्हणजे डिसॅबिलिटी नाहीये?" नवऱ्यानं विचारलं. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याला हो किंवा नाही एवढंच लागतं.

"तसं मी म्हटलेलं नाही. कैरी अजून पिकायची आहे की झाडच आंबट, हे आत्ता कसं सांगू? वर्गातल्या सगळ्यात लहान मुलांवर हा शिक्का जरा लवकर बसतो, हे मी बघत आले आहे. पण उलटंही होतं. लहान आहे, येईल आपोआप, असं म्हणत खरी अडचण तशीच राहून जाते. म्हणून नुसतं थांबू नका. रोज शेजारी बसून वाचून घ्या, आणि वर्षानं परत आणा."

आम्ही शाळा बदलली आणि नव्या शाळेत तिला पुन्हा दुसरीतच घातलं. "वर्ष वाया घालवताय," मोठे दीर म्हणाले. "पेन्शनला एक वर्ष उशीर होईल, एवढंच," मी म्हटलं. त्यानंतर ते माझ्याशी या विषयावर बोलले नाहीत, जे मला सोयीचंच पडलं.

मुलीची समजूत काढणं मात्र सोपं नव्हतं. मी तिला कॅलेंडर दाखवलं, जानेवारी दाखवला, डिसेंबर दाखवला. "तू ढ नाहीस. तू फक्त लहान होतीस. ती मुलं मोठी होती म्हणून त्यांना लवकर येत होतं," हे मी जेवताना, वेणी घालताना, शाळेत सोडताना सांगत राहिले. अंगारा लावावा तसं रोज.

नव्या वर्गात ती सगळ्यात मोठी. दिवाळीपर्यंत ती अडखळत का होईना, पण आपली आपण वाचू लागली. वर्षानं मॅडमनी पुन्हा सगळं तपासलं आणि काळजीचं कारण नाही, असं स्पष्ट सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "मी म्हणतच होते." मी त्यांना चहा दिला.

तिसरीत गेल्यावर पालकसभेत नव्या बाई तिच्यादेखत म्हणाल्या, "फार हुशार आहे हो तुमची मुलगी. वर्गात सगळ्यांच्या आधी हिचं होतं." मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. येताना स्कूटरवर मी तिला विचारलं, "ऐकलंस ना, बाई काय म्हणाल्या?"

"बाईंना माहीत नाहीये," ती मागून म्हणाली. "मी हुशार नाहीये. मी फक्त मोठी आहे. ती मुलं लहान आहेत म्हणून त्यांना वेळ लागतो."

तिच्या आवाजात दुःख नव्हतं. मी शिकवलेलंच ती मला नीट समजावून सांगत होती. मी स्कूटर बाजूला घेतली आणि थांबवली.

"थांबलीस का?" तिनं विचारलं.